काकींनी बेतलेला चामड्याचा टॉप

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. शेवटच्या सफरीहून परतताना त्याने माझ्यासाठी मेंढीची तीन मऊ कातडी आणली. रंग भाजलेल्या काजूसारखा, हाताला अगदी साय. मी घरचे कपडे शिवते हे त्याला ठाऊक होतं. चामडं मी कधी शिवलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. दोन पावसाळे ती गुंडाळी कपाटात पडून होती. अधूनमधून बाहेर काढायची, तिच्यावर आलेली पांढरी बुरशी पुसायची, सावलीत वारा द्यायचा, पुन्हा आत ठेवायची.

त्याच काळात माझं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. उपचार संपल्यावर मी पुन्हा कणकवलीच्या शाळेत शिकवायला जाऊ लागले. थंडीच्या दिवसांत आमच्या कट्टा गावाहून सकाळी स्कूटर काढली की कसालपर्यंत गार वारा थेट छातीवर यायचा आणि व्रणाजवळ झोंबायचा. तेव्हा त्या कातड्यांची आठवण झाली. कुर्त्यावरून घालता येईल असा बिनबाह्यांचा टॉप शिवायचा ठरवलं.

इंटरनेटवरून तीन नमुने उतरवले, झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले आणि पानाला पान चिकटवून पूर्ण मापाचे कागद तयार केले. पहिला छातीवरून कमरेपर्यंत गोलाईने उतरणाऱ्या शिवणींचा, अंगाला चापून बसणारा. फोटोतल्या मुलीला तो फार सुंदर दिसत होता. माझं मन त्याच्यावरच होतं. दुसऱ्याला समोर छातीच्या आकारासाठी चार टक्स आणि उभी कॉलर. तिसरा मात्र साधा, एक पदर दुसऱ्यावर येणारा आणि कुशीत नाडीने बांधायचा.

नेहमीच्या टेलरताईंनी चामडं हातातही घेतलं नाही. त्यांची सुई मोडली असती. त्यांनीच मला बाजाराच्या टोकाला रिक्षांचे हुड आणि सीटकव्हरं शिवणाऱ्या काकींकडे पाठवलं. काकींची साठी उलटलेली. हे काम वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या. दुकानात रेक्झिनचे गठ्ठे, एक जड मशीन आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पुठ्ठ्याचे साचे. त्यांनी कातडं उलटं केलं, पोटाकडचा पातळ भाग बोटांनी ताणून पाहिला, मग कोपऱ्यातल्या चिंधीएवढ्या जागेत मशीनवर चार टाके घातले आणि लगेच उसवले. टाक्यांची भोकं तशीच राहिली.

"बघ गो," त्या म्हणाल्या. "कापडाक चुकलंस तर उसवूक येता. हेका एकदा बुराक पडलो काय तो ऱ्हवलोच. माका लेदर शिवूचा म्हायत नाय. पण सुई कशी वागता तां म्हायत आसा."

मग त्यांनी तिन्ही कागद जमिनीवर पसरले आणि प्रत्येकावरच्या शिवणी बोटाने मोजल्या. कुठला आवडला म्हणून विचारलं. मी पहिल्यावर बोट ठेवलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. आधी मांजरपाटाचा शिवून अंगावर घालून बघू, एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी गेले तेव्हा मांजरपाटाचा टॉप तयार होता. आतल्या खोलीत मी तो घातला. उजवी बाजू छान बसली. डावीकडची गोलाई आत दबून चुरगळली. त्या दिवशी मी ब्रामध्ये कापसाची उशी घातली नव्हती. घाईत राहिली, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर घरून निघतानाच मला ते माहीत होतं. काकींना काही सांगितलेलं नव्हतं.

काकींनी त्या सुरकुतीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता की कौतुकाने भरलेला नव्हता. हुडाची शिवण तपासताना असतो तसाच होता. एक टाचणी लावली, काढली. मग ऑपरेशन कधी झालं ते विचारलं, अजून दुखतं का ते विचारलं. मी सांगितलं, उशीचंही. शेवटी म्हणाल्या, "बाय, ह्यो टॉप तू उशी घालून घालतलंस काय तशीच? तां आधी सांग. मगे कागद निवडूया."

इतक्या महिन्यांत डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी मला धीर दिला होता, पण असा सरळ प्रश्न कुणी केला नव्हता. काकी मशीनची बॉबिन भरत बसल्या. घाई केली नाही.

"तशीच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि तिसरा कागद वर घेतला. त्याला छातीवर एकही शिवण नव्हती. फक्त खांदे आणि कुशी. उजवा पदर डावीकडे येऊन बांधला की खाली काय आहे, काय नाही, याची कागदाला पर्वाच नव्हती. काकी म्हणाल्या की त्यांचे आजोबा बाराबंदी घालायचे, ती अशीच असायची, माणूस वाळला की बंद ओढून बांधायचा. मी तो नमुना जुनाट म्हणून बाजूला टाकला होता. मांजरपाटावर शिवून पाहिला तेव्हा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आरशात मला कपडा आधी दिसला.

पुढचं काम मी शनिवार-रविवारी त्यांच्याजवळ बसून पाहिलं. टाचण्या लावायच्या नाहीत म्हणून त्यांनी दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे लावले. कातडं दुमडून कापलं नाही. एक बाजू कापून कागद पालथा केला आणि दुसरी कापली. शिवणी सोल्यूशनने चिकटवून लाकडी हातोडीने ठोकून बसवल्या. पाठीला एक कातडं पुरलं नाही, तेव्हा मधोमध जोड घ्यावा लागला. त्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. तो जोड इतका सरळ आहे की लोकांना ती फॅशन वाटते. मानेपाशी मात्र टॉप जरा वर उचलला जातो. तेवढं चुकलंच, असं त्या अजून म्हणतात.

आता तो माझा तिसरा हिवाळा काढतोय. उशी मी हळूहळू शाळेतही सोडली. पावसाळ्यात टॉप पंख्याखाली टांगलेला असतो.

मागे एकदा मी काकींना विचारलं की कधी न केलेलं काम त्यांनी हातात घेतलंच कसं. त्या रिक्षाच्या हुडाला मागची प्लास्टिकची काच लावत होत्या. म्हणाल्या, "लोक येतत आणि मोबायलात फोटो दाखवतत. तू तीन कागद चिकटवून घेवन इलंस. म्हटलंय, हिणा अर्धा काम केलेला आसा."

आणि मला काचेचं दुसरं टोक धरायला सांगितलं.