निऱ्या झटकून जा

अंबरनाथ पश्चिमेतल्या आमच्या घरातले पडदे, पापड, बाबांच्या ऑफिसच्या पँटी, सगळं उल्हासनगरचं. तरीही "सिंध्याकडचं आहे, नीट बघून घे" हे वाक्य घरात रोज ऐकू यायचं. फाळणीत सगळं सोडून आलेल्या त्या माणसांनी बराकींमधून बाजार उभा केला होता. आमचे संसार त्यावर चालत होते, पण विश्वास मात्र ठेवायचा नाही. मीही त्यातलीच होते, उगाच साळसूदपणा कशाला दाखवू?

माझं लग्न ठरलं तेव्हा आजीच्या पाटल्या आटवून मला नव्या करायचं ठरलं. आईकडे तिच्या आईची म्हणून तेवढीच वस्तू उरली होती. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी सराफाची घडणावळ कमी होती, म्हणून त्याच्याकडे गेलो. सोनं बदललं तर काय, याचा आईने धसकाच घेतला.

"मैं इधरच बैठेगी. सब मेरे सामने करने का," तिने शेठला बजावलं.

शेठने हसून स्टूल दिलं. ते सरकवत सरकवत आई थेट कारागिराच्या शेजारी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी कानस चालू झाली, तेव्हा तर ती त्याच्या हातावर वाकूनच होती. मीही त्याच्या खिशावर नजर ठेवून होते.

पाटल्या तोलल्या, तर घट आईच्या हिशेबापेक्षा जास्त निघाली. "कुठं गेलं माझ्या आईचं सोनं?" तिचा आवाज चढला.

"भाभीजी, आप बहुत नजदीक बैठी थीं. जाते वक्त साडी झटक लीजिए," शेठ म्हणाला.

कानशीने उडालेला सोन्याचा कीस कपड्यांवर बसतो, म्हणून ती तिथली रीत होती. दाराशी एक कापड अंथरलेलं असे, त्यावर सगळ्यांनी कपडे झटकायचे. कारागिरांचं हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवायचे आणि त्यातलं सोनं काढायचे. शेठ स्वतःही झटकूनच बाहेर पडायचा. पण आई भडकली. "म्हणजे आम्ही चोर?" माझा हात ओढत ती ते कापड ओलांडून पायरी उतरली.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं. शेजारच्या काकूंनी त्याच्याकडची मंगळसूत्राची ऑर्डर काढून घेतली. मग आमच्याकडचं कुणीच तिथे गेलं नाही.

चार दिवसांनी आईने दुकानात नेसलेली ती खळीची साडी भिजत घातली. घमेल्याच्या तळाशी पिवळे कण चमकले. आम्ही दोघींनी ते पाहिले. "आता लग्न तोंडावर आलंय, कुठे बोलू नकोस," ती म्हणाली. मी बोलले नाही. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

बऱ्याच वर्षांनी आई गेली, तेव्हा तिच्या देव्हाऱ्यात त्याच पिवळ्या कणांची कागदाची पुडी सापडली. पिचलेली पाटली नीट करायचं निमित्त करून मी पुडी घेऊन कॅम्प दोनला गेले. शेठ म्हातारा झाला होता. पाटली त्याने लगेच ओळखली. "मम्मी नहीं आई?"

"गेली," मी म्हणाले. त्याने हात जोडले.

निघताना त्या कापडावर उभी राहून मी साडी झटकली. पुन्हा झटकली. पदर, निऱ्या, काठ. थांबवेना.

"बस, बेटा," तो म्हणाला. "हमको आप लोगों पे शक नहीं है."

पुडी पर्समध्येच राहिली.