अडवलेला सा

माझे अब्बा, नूर मोहम्मद, बल्लारशाच्या लाकूड डेपोत सुतार होते. रेल्वेच्या एका गार्डानं मान मोडलेली गिटार फेकायला काढली, ती त्यांनी मागून आणली आणि सागाची नवी मान बसवली.

१९५३ साली गुलाम रसूल मास्तरांच्या बँडबरोबर ते पहिल्यांदा एका लग्नात गिटार घेऊन बसले. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे आणि गावातल्या सगळ्या बँडवाल्यांत त्यांचाच शब्द चालायचा. अब्बांची एकट्यानं वाजवायची पाळी आली. बोटं भराभर पळाली, पण कुठं थांबायचं ते त्यांना कळेना. मास्तरांनी ढोल सुरू करायला लावला आणि भर मांडवात म्हणाले, "नूर, इथी गाणं चालून राह्यलं. रंधा तिकडं डेपोत चालव."

वऱ्हाडी हसले. अब्बांनी त्या दिवसापासून डूख धरला. मी म्हणते, धरायलाच हवा होता.

मग ते त्या गार्डाच्या बायकोकडे शिकायला जाऊ लागले. ती चर्चमध्ये पेटी वाजवायची. तिनं सांगितलं, पेटीवर जे तीन स्वर एकदम दाबलेले असतात, त्यांतल्या एकावर येऊन थांबायचं, उगीच पळत सुटायचं नाही. आणि शेवटी 'सा'च्या अगदी अलीकडच्या 'नी'वर रेंगाळायचं. ऐकणारा कासावीस झाला की मग 'सा' द्यायचा. अब्बांनी तीन-चार वर्षं हेच घोटलं. बोटांची सालं निघाली, अम्मी वैतागली, पण ते हटले नाहीत.

तोवर मास्तरांचे पुढचे दात पडले आणि क्लॅरिनेट सुटली. लेक शमीमच्या बिदाईला वाजवायला त्यांनी अब्बांनाच बोलावणं धाडलं. आमच्या मोहल्ल्यात बिदाईची धून 'सा'वर आल्याशिवाय गाडीवान बैल हाकत नाही. अब्बांनी अशी वाजवली की बायका पदरात तोंड घालून रडल्या. मग ते 'नी'वर आले आणि तिथंच थांबले. शमीम गाडीत ताटकळली. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी मास्तर पुढं आले, हात जोडले.

"नूरभाऊ, सा दे ना. पोरगी अडकून राह्यली."

"रंधा चालवून राह्यलो, मास्तर," अब्बा म्हणाले. "थोडा वेळ लागते."

मास्तरांना पुरता घाम फुटू दिला, मग 'सा' दिला. घरी येऊन अब्बा पोटभर जेवले.

मास्तरांनी त्याचं उट्टं माझ्या लग्नात काढलं. एकाही बँडवाल्याला येऊ दिलं नाही. अब्बा एकटेच वाजवायला बसले. धून 'नी'वर आली आणि तिथंच अडली. अब्बांचे डोळे भरले होते, बोट पुढं सरकेना. समोरच्या ओट्यावर मास्तर बोळक्या तोंडानं हसत उभे होते.

माझं डोकं फिरलं. मी घुंगट मागं सारला आणि गाडीतूनच 'सा' लावला, त्या ओट्यापर्यंत जाईल असा. गाडीवानानं बैल हाकले.