इंद्रायणीच्या जागी बसवलेलं पोतं

आमच्या घरात गाडी बिघडली की आधी बाईला विचारतात, तू काय केलंस? हे मी रागाने लिहिते आहे, आणि राग झाकायचा माझा विचार नाही.

इंद्रायणी माझी धाकटी जाऊ. माहेर आंबेगाव तालुक्यातलं लोणी, सासर आमचं खोडद. बारावी होऊन तिने माहेरी असतानाच नर्सिंगचा छोटा कोर्स केला होता. लग्नानंतर नारायणगावच्या एका खाजगी दवाखान्यात तिला काम लागलं. इंजेक्शन देताना हात इतका हलका, की म्हाताऱ्या बायका दारातूनच विचारायच्या, "ती लोणीची पोरगी आली का?" संध्याकाळी घरी यायची तेव्हा पाय दुखत असायचे, पण चेहरा असा, की जत्रेतून आली आहे.

आमच्या सासूबाई कुशाबाई. त्यांची अट एकच. जीपने जायचं नाही. जीपमध्ये माणसं कोंबतात, परक्या पुरुषांना खेटून सून बसणार नाही. नवऱ्याने नेलं तरच जायचं. म्हणजे इंद्रायणीची नोकरी माझ्या दिराच्या, सावळेराम भावजींच्या मोटारसायकलवर टांगलेली.

ती गाडी भावजींनी पुण्याहून जुनी घेतली होती. तिचे मागचे शॉकअप हवेचे. स्प्रिंग असायचीच, शिवाय आत हवा भरायची, टायरला असतो तसा बारका वॉल्व्ह दोन्हीकडे. गावात तशी दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे भावजींची ऐट फार. सकाळी दुधाचे कॅन लावून गावातल्या डेअरीवर जायचे, कॅन रिकामे करून घरी ठेवायचे आणि मग बायकोला घेऊन नारायणगाव. सर्व्हिसिंग नारायणगावचा मेकॅनिक करायचा. त्या वर्षी दसऱ्याला मात्र भावजी म्हणाले, "त्यात काय एवढं? घरीच करतो." गाडी धुतली, शॉकअप सोडले, पुसले, ग्रीस लावलं, परत बसवले, सायकलच्या पंपाने हवा भरली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मी स्वतः हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्यानंतर इंद्रायणी म्हणायला लागली, "गाडी मागनं वळवळती." भावजी म्हणाले, "डेअरीला जाताना नाय वळवळत. तू बसलीस का मगच वळवळती." आठवड्यात दोघं पडली. गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीकडे जाणाऱ्या फाट्याच्या पुढच्या वळणावर, गतिरोधक उतरताना. भावजींचा गुडघा फुटला, इंद्रायणीचं कोपर सोलून मनगट सुजलं.

घरी आल्यावर जे झालं ते आठवलं तरी माझं डोकं तापतं.

"बाई एका अंगाला बसती," भावजी ओरडले. "सारा भार एकीकडं! गाडीनं करायचं तरी काय?"

"मी लग्नापास्नं अशीच बसती," इंद्रायणी म्हणाली. "तवा नव्हती का वळवळत?"

"तवा बारीक व्हतीस."

सासूबाईंनी तर देवालाच मधे ओढलं. "खंडेनवमीला लोखंडाची पूजा सोडून दवाखान्यात गेली. देवीनं दाखवलं. बस झाली नोकरी."

मी रोज जगदंबेपुढे दिवा लावते. कुणाला सांगत नाही, मिरवत नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालंच, "आत्याबाई, देवीला दुसरं काम नाय का? आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या लेकीला ती रस्त्यावर पाडील?"

"तू गप," एवढंच उत्तर.

दवाखान्यातून निरोप आला, सोमवारी आली नाही तर दुसरी मुलगी ठेवू. इंद्रायणी रडली नाही. रविवारी सकाळी भावजी डेअरीवरून आले, कॅन उतरवले, तशी ती अंगणात आली. गोठ्याजवळ पेंडीचं भरलेलं पोतं होतं.

"हे बांधा मागं," ती म्हणाली.

"कशाला?"

"माझ्या जागी. पोतं काय एका अंगाला बसत नाय. मधोमध बांधा आन् चालवा."

शेजारचे जानकू भाऊ ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. ते हसले. "बांध की राव. पोतं तरी उलटून बोलणार नाय."

चारचौघांसमोर नाही म्हणता येईना. भावजींनी पोतं बांधलं, गाडी काढली. रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात मागचं चाक असं लचकलं, की पाय टेकून सावरावं लागलं.

"सावळेराम," जानकू भाऊ ओरडले, "त्या पोत्याला सांग नीट बसायला! लई जाड झालंय ते!"

मी हसले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, तरी हसले.

इंद्रायणी हसली नाही. तिने मोठा कॅन पाण्याने भरायला लावला. "आता पोतं सोडा आन् ह्यो रोजच्यासारखा डावीकडं लावा." मोठा कॅन नेहमी डावीकडेच असायचा. उजवीकडे सायलेन्सर, त्याच्या धगीने दूध नासतं म्हणून तिकडे लहान कॅन. भावजी पुन्हा गेले. वळणापर्यंत जाऊन आले. गाडी सुतासारखी सरळ.

"हवा कशी भरली व्हती दसऱ्याला?" तिने विचारलं.

भावजी गाडीवरून उतरले नाहीत. हँडलकडे बघत म्हणाले, "डावीकडं जास्त. उजवीकडं कमी. कॅन जड असतो ना डावीकडं."

"आन् कॅन उतरवल्यावर?"

दोन्हीकडे हवा सारखी हवी, हे मेकॅनिकला ठाऊक होतं. भावजींनी भाराचा हिशेब दुधापुरता केला, बायकोचा केलाच नाही. आणि पडल्यावर दोष मात्र तिच्या बसण्याला, तिच्या अंगाला, तिच्या नोकरीला.

भावजींनी पंप आणला, दोन्हीकडे हवा सारखी केली, पोतं बांधून परत एक चक्कर मारली. गाडी सरळ चालली. मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "उद्या सोडतो तुला."

"आधी आत्याबाईंना सांगा," इंद्रायणी म्हणाली. "देवीनं पाडलं का हवेनं, ते तुमच्या तोंडानं सांगा."

भावजी गोठ्यात गेले. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, सगळं ऐकलेलं होतं. त्या पदर सारखा करून घरात गेल्या. चूक सुनेची असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळली असती.

सोमवारी भावजी गाडी चालू करून दारात थांबले. इंद्रायणी डबा घेऊन बाहेर आली, मनगटाला पट्टी तशीच. गाडीच्या बाजूने पुढे निघून गेली. सासूबाई दारातून ओरडल्या, "कुठं निघालीस?"

"फाट्यावर. जीपला."

मी तिच्यामागे फाट्यापर्यंत गेले. जीप आली, खच्चून भरलेली. आतल्या एका म्हातारीने सरकून जागा केली. इंद्रायणी एवढंच म्हणाली, "अक्का, संध्याकाळी आत्याबाईंनी दार लावलं, तर तुमी उघडाल ना?"

"लावू तर दे," मी म्हणाले.

दार कुणी लावलं नाही. ती गाडी घरात होती तोवर इंद्रायणी तिच्यावर पुन्हा बसली नाही. दवाखान्यात आज नव्या मुलींना तीच शिकवते. आणि "देवीनं नाय, हवेनं पाडलं" ही एक ओळ भावजींनी अजून उच्चारलेली नाही, म्हणून मी ती इथे लिहिली.