मास्तरांच्या हातचा झगा

सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची, पण शिलाई मशीनच्या पायडलवर त्यांचं पाऊल एकतीस वर्षांत एकदाही पडलं नव्हतं. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपी. दुकान एवढं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांना पोट आत ओढून उभं राहावं लागायचं. कापणं, शिवणं, इस्त्री हे सगळं मास्तरांचं. काज, बटणं आणि खालची हातशिलाई एवढं गाठोड्यात बांधून घरी यायचं. ते काम बाई खिडकीत बसून करायच्या. सुई घरात, मशीन दुकानात, अशी वाटणी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच ठरून गेली होती.

"मशीनला दोन माणसांचा हात लागला की टीप बिघडते," मास्तर म्हणायचे. वर हसून, "या जगात माझं ऐकणारं एवढं एकच यंत्र आहे. तेही बिघडवू नकोस."

बाईंचे कपडेही मास्तरच शिवायचे. गिऱ्हाइकांचं उरलेलं कापड असायचं, त्यामुळे बाही एका रंगाची आणि पाठ दुसऱ्या, असं बऱ्याचदा व्हायचं. माप मात्र लग्नात घेतलेलं. बाई दोन बाळंतपणांत सुटल्या आणि एका आजारपणात वाळल्या, पण वहीतले आकडे बदलले नाहीत. गळा तोच, घेर तोच. आणि खिसा नाही. एकदा त्यांनी खिसा मागितला होता.

"बायकांना खिसा कशाला? ठेवायचंय काय त्यात?"

किल्ली, रुमाल, याद्या असं सगळं बाई मुठीत धरून हिंडत राहिल्या.

मग समोर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं, आणि त्याच सुमारास मास्तरांच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. डॉक्टरांनी मागच्या पडद्याचं काहीतरी सांगितलं, आणि चष्म्याने भागणार नाही असंही. दुकान बंद झालं. मशीन घरी आलं, खिडकीखाली बसलं. त्यावर चादर, चादरीवर औषधांचा डबा आणि रेडिओ. मास्तर शेजारी खुर्चीत बसून दिवसभर रेडिओचं बटण फिरवायचे.

दवाखान्यातून औषधं आणायला बाई जायच्या. तिथल्याच रांगेत एका दुपारी त्यांना तो झगा दिसला. पुढे एक उंच बाई उभी होती. गडद हिरवा झगा, अगदी साधा. तिने हात कमरेपाशी नेला आणि तो मनगटापर्यंत गायब झाला. बाहेर आला तेव्हा हातात चिठ्ठी होती. बाहेरून खिसा दिसतच नव्हता! शिवण सरळ खाली गेली होती आणि तिच्यातच कुठेतरी तोंड होतं. मास्तरीणबाई औषधं घ्यायची विसरल्या आणि तिच्यामागे निघाल्या. दोन गल्ल्या झाल्यावर ती बाई गर्रकन वळली.

"काय हवंय तुम्हाला? मघापासून मागे आहात."

"तुमची शिवण," बाई धापा टाकत म्हणाल्या. "म्हणजे खिसा. कसा लावलाय तो बघू देता का?"

ती आधी चक्रावली, मग हसली. भिंतीच्या कडेला जाऊन तिने खिसा उलटा करून बाहेर काढला. बाईंनी तो दोन बोटांत धरून पाहिला. पानाच्या आकाराचे दोन तुकडे, कडेच्या शिवणीतच जोडलेले. एवढंच होतं. एकतीस वर्षं कपड्यांत गेली आणि हे आपल्याला कुणी दाखवलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग आपणही कुणाला विचारलं नाही, असंही आलं.

घरी येऊन त्यांनी औषधाचं रिकामं खोकं उसवलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर खिशाचं चित्र काढून ठेवलं. मग जणू वेडच लागलं. रस्त्याने जाताना त्या माणसांचे चेहरे बघेनाशा झाल्या. कुणाच्या पाठीवरच्या चुण्या, कुणाच्या बाहीचा मुंढा, कुणाची कॉलर असंच डोळ्यांत भरायचं. खोक्यांचे पुठ्ठे साठत गेले.

कापड मिळालं पडद्यांच्या दुकानात. काचेत वर्षभर टांगून ठेवलेल्या निळ्या कापडाचा रंग उन्हाने एका बाजूला उडाला होता. दुकानदार ते पोछ्यासाठी फाडायच्या बेतात होता.

"याचं काय करणार तुम्ही?" त्याने विचारलं.

"झगा."

"या डागाचा?"

"डाग आत घालवीन," बाई म्हणाल्या. उडालेली पट्टी कुठे जाईल ते त्यांनी तिथे उभ्या उभ्याच ठरवलं होतं. खिशांची पानं तिच्यातूनच निघणार होती. बटणं डब्यात होती, जुन्या सदऱ्यांची. दोरा मात्र निळा नव्हता. दुकानातून आलेल्या अर्ध्यामुर्ध्या रिळांत त्यातल्या त्यात जवळचा करडा निघाला.

"अहो, मशीन जरा वापरू का?"

मास्तरांनी रेडिओ बारीक केला. "काय शिवायचंय ते मला सांग."

"तुम्हाला आता दिसत नाही."

त्यांनी रेडिओ परत मोठा केला. बाईंनी त्यालाच होकार धरलं. संध्याकाळी मास्तर बसथांब्याच्या बाकावर आपल्या वयाच्या लोकांत जाऊन बसायचे, तेव्हा त्यांनी मशीनवरची चादर काढली. पहिल्या दिवशी दोरा सात वेळा तुटला. तिसऱ्या दिवशी एका बाजूची शिवण पुरी झाली. चौथ्या दिवशी बाजारातून आल्या तर शिवण उसवलेली. फाडलेली नव्हे. एकेक टाका ब्लेडच्या टोकाने उचललेला, दोरा पुठ्ठ्याला नीट गुंडाळून ठेवलेला, कापडाची घडी.

"हे काय केलंत?"

"बोटाला लागत होती. वाकडी होती."

"कुठे वाकडी होती ते तरी सांगा."

"सांगून कळण्यातलं नसतं ते."

बाईंना वाटलं, शिकवताहेत. त्यांनी पुन्हा शिवलं. पुन्हा उसवलं गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः पट्टी लावून पाहिली. शिवण सुतासारखी सरळ होती. तीही उसवलेली सापडली. त्या दिवसापासून काम झालं की कापड कपाटात चादरींखाली जायला लागलं आणि कपाटाला कुलूप. किल्ली मुठीत.

लेकीला त्यांनी फोनवर हे सांगितलं. ती परगावी नोकरीला होती. "आई, तयार झगे कुठेही मिळतात गं," ती म्हणाली. "कशाला बाबांना दुखवतेस? त्यांचं आता उरलंय काय?"

झगा पुरा व्हायला दीड महिना लागला. एका सकाळी बाई तो घालून बाहेरच्या खोलीत आल्या. दोन्ही हात खिशात. नेमकी त्याच वेळी शेजारीण विरजण मागायला दारात आली होती.

"अगं बाई! काय फिट बसलाय! मास्तर, हात गेला नाही हो तुमचा अजून."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खुर्चीत ताठ झाले होते. दुकान बंद झाल्यापासूनच्या दोन वर्षांत बाईंनी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"हात कुठे जातोय," मास्तर म्हणाले. "डोळे गेले, हात इथेच आहे."

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दया आली, एवढंच. आजवर एवढी महागाची दया त्यांनी कुणावर केली नव्हती.

आठवड्याभरात शेजारीण कापड घेऊन आली. मग तिची जाऊ, मग दवाखान्यातली नर्स. सगळ्यांना मास्तरांच्या हातचा खिशाचा झगा हवा होता. मास्तरांनी दाढी केली, टेप गळ्यात घातला आणि जुनी वही काढली. मापं ते स्वतः घेत, टेप नाकापाशी नेत, आणि वहीत मोठाले आकडे स्वतःच लिहीत. गिऱ्हाईक गेलं की कापड बाईंपुढे सरकवत.

"शीव."

बाई शिवायच्या. वहीत काय लिहिलंय ते बघून घ्यायच्या आणि मग सोडून द्यायच्या. एकतीस वर्षं लोकांच्या कपड्यांना बटणं लावलेल्या बाईला माणूस दारात उभं राहिलं की खांदा किती ते कळायचं. मास्तरांचे आकडे चुकायचे, कधी एक इंच, कधी दोन. बाई गुपचूप बरोबर कापायच्या. कपडे नेमके बसायचे, आणि कौतुक शेजारच्या खुर्चीत जाऊन पडायचं. असे अकरा झगे गेले.

बारावा होता शाळेच्या मुख्याध्यापिकांचा. त्या निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या समारंभाला त्यांना तो घालायचा होता. माप देऊन झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "बाई पण शिवतात का हो?"

"ही?" मास्तर हसले. "हिला सरळ टीप मारता येत नाही. काज-बटण करते बिचारी."

बाकीचं सगळं बाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. हा 'बिचारी' मात्र नवा होता. मुख्याध्यापिका गेल्यावर त्यांनी वही उघडली. खांदा, तेरा. त्यांच्या डोळ्यांना तो पंधरा दिसला होता. तिथे चांगल्या भरलेल्या खांद्यांची बाई उभी होती, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. बाईंनी कात्री हातात घेतली, बराच वेळ तशीच धरून ठेवली, आणि तेरावर कापलं. शिवण अशी घातली की जन्मात तेवढी सरळ घातली नसेल.

घाईत मुख्याध्यापिकांनी झगा घालून पाहिला नाही. समारंभानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. हातात घडी केलेला झगा. आवाज चढलेला नव्हता.

"भरल्या सभागृहात माईक घ्यायला हात वर केला," त्या म्हणाल्या, "आणि मुंढ्यापासून पाठीपर्यंत फाटला. मुलं हसली. सदतीस वर्षं शिकवलं मी तिथे."

मास्तरांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "हिने बटणं लावताना ओढलं असेल. हिच्याकडून होतं असं."

बाई उठल्या. वही आणून त्यांनी मुख्याध्यापिकांच्या हातात दिली. "तुम्हीच वाचा."

"खांदा, तेरा." त्यांनी मास्तरांच्या गळ्यातला टेप मागून घेतला आणि बाईंना पाठीवर धरायला सांगितला. पंधरा भरले.

"एकापुढे पाच लिहिला होता मी," मास्तर म्हणाले. वही नाकाला लावली, दाराकडे उजेडात नेली, परत आणली. "पाचच लिहिला होता." मग वही मिटली आणि मांडीवर ठेवली. त्यांची बोटं तिच्या पुठ्ठ्यावर फिरत राहिली.

मुख्याध्यापिकांनी एवढा वेळ त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्या बाईंकडे बघत होत्या.

"शिवता तुम्ही. हो ना?"

"हो."

"मग तुमच्या लक्षात आलं नाही?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "आलं होतं," त्या म्हणाल्या.

झगा खुर्चीच्या हातावर ठेवून मुख्याध्यापिका निघून गेल्या. त्यांनी हे कुणाला सांगितलं की नाही, ते बाईंना कधी कळलं नाही. समारंभात झगा फाटला ही गोष्ट मात्र दुपारपर्यंत गल्लीभर झाली.

नर्स आपलं दुसरं कापड परत घेऊन गेली. शेजारणीच्या जावेने तयार झगा आणला. मास्तरांचे डोळे आता पार गेले, बिचाऱ्यांना उगाच त्रास नको, असं जो तो म्हणायला लागला. बाईंना वाटलं होतं, मास्तरांचं नाव बाजूला झालं की खाली आपलं दिसेल. एके दिवशी जिन्यात त्यांनी शेजारणीला गाठलं आणि सरळ सांगून टाकलं.

"ते सगळे झगे मीच शिवले होते."

शेजारणीने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "मदत करायचात ना तुम्ही. माहीत आहे हो आम्हाला. तुमच्याशिवाय त्यांचं कसं चाललं असतं!"

मास्तरांनी टेप खिळ्याला अडकवून टाकला. बाईंना तो सभागृहातला हसण्याचा आवाज, जो त्यांनी ऐकलाच नव्हता, अधूनमधून भांडी घासताना ऐकू यायचा. आपण मास्तरांना मारायला गेलो आणि दगड भलत्याच बाईला लागला, हे त्यांना कळत होतं. आणि तरीही, तेरा ऐकून मास्तरांचा जो चेहरा झाला होता तो आठवला की आत कुठेतरी बरंही वाटायचं. त्याचीच त्यांना जास्त शिसारी यायची.

पावणेदोन महिन्यांनी स्टँडजवळच्या लॉजचा मॅनेजर उशांचे अभ्रे शिवून घ्यायला कुणी आहे का म्हणून विचारत आला. कोण शिवणार, हे त्याने विचारलं नाही. त्याला काही फरकच पडत नव्हता. पांढऱ्या कापडाची दोन गाठोडी तो जमिनीवर टाकून गेला. सगळ्यांचं माप एकच. गळा नाही, खांदा नाही.

बाई दिवसाउजेडी, मास्तरांच्या देखत मशीनवर बसायला लागल्या. मास्तर रेडिओ बंद ठेवून मान जराशी कलती करून ऐकत राहायचे.

"आवाजावरून तरी सरळ येतेय," एका दुपारी ते म्हणाले.

हे ऐकण्यासाठी एके काळी बाईंनी काय वाट्टेल ते केलं असतं. त्यांनी दोरा तोडला, अभ्रा उलटा करून खिडकीच्या चौकटीवर टाकला आणि पुढचा घेतला.