माझ्याच हाताला न वाकणारी पट्टी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी फिजिक्स शिकवते. घरी मात्र भुतांच्या गोष्टी मीच रंगवून सांगते, त्यामुळं हा खरा अनुभव घरात कुणी ऐकूनच घेत नाही... म्हणून इथं लिहितेय.

आमची लॅब छत्रपती संभाजीनगरात. माझी विद्यार्थिनी सोनाली, वैजापूरकडच्या शेतकरी घरातली. तिनं कित्येक महिने खपून अभ्रकाच्या पट्टीवर फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा पातळ थर चढवला होता. त्याला आम्ही फिल्म म्हणतो. (सासूबाईंना बरेच दिवस वाटायचं, सून सिनेमात आहे.) जांभळा प्रकाश पडला की तो थर ताणला जातो आणि पट्टी किंचित वाकते. डोळ्यांना दिसत नाही. पट्टीवर लेसर सोडायचा आणि भिंतीवरचा लाल ठिपका सरकताना बघायचा. बाकीच्या पट्ट्या फुकट गेल्या होत्या. सोनालीची पीएचडी या एकाच पट्टीवर.

खंडेनवमीला उपकरणांना हळदकुंकू, झेंडू वाहून झालं. सोनाली म्हणाली, "मॅडम, आज नका हात लावू. आमच्याकडं आज खुरप्याला बी सुट्टी ऱ्हाती."

"फिल्मला कसली सुट्टी गं? पगार देतो का आपण तिला?"

ती हसली नाही. प्रसाद घेऊन गेली. मी दार लोटलं आणि जांभळा दिवा लावला — एकच रीडिंग!

ठिपका सरकला. दिवा बंद केल्यावर परत यायला हवा... आलाच नाही. पंखा बंद केला, वायरी तपासल्या, टेबलाला धक्कासुद्धा मारला. दसऱ्याला आपट्याची पानं वाटतानाही डोक्यात तेच — पोरीची पीएचडी वाकवून ठेवली मी!

दसरा झाल्यावर सोनालीला सगळं सांगितलं. तिनं सुकलेला झेंडू उचलला, पट्टीला हात जोडले. आमच्या डोळ्यांदेखत ठिपका जागेवर आला. तिनं दिवा लावला — सरकला. बंद केला — परत.

"बघा, कायबी झालं नाय."

मग मी दिवा लावला. ठिपका ढिम्म.

तेव्हापासून हे असंच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बटण दाबलं, ठिपका सरकला. झाडूवाल्या मावशींनी दाबलं, सरकला. दिवा तोच, बटण तेच. मी हातमोजे घालून पाहिलं, पेन्सिलीनं दाबून पाहिलं. दार लावून पट्टीची माफीही मागितली — फिजिक्सची बाई, अभ्रकासमोर कान धरून! कारण आजही सापडलेलं नाही. टोचतं ते वेगळंच... पोरीनं एक दिवस मागितला होता, तोही मी थट्टेवारी नेला.

सोनाली आता डॉक्टर झाली. परवा फिल्म ती शिकवते त्या कॉलेजात न्यायला आली. "मॅडम, एकदा लावा की." माझ्या हातावर हात ठेवून तिनंच बटण दाबलं. ठिपका हलला नाही.

"लाईटच डिम झाली असंल," ती म्हणाली.

मी हात काढून घेतला. पॅक करण्याआधी फिल्म तपासायची तर होतीच. मला ठिपका दिसू नये म्हणून ती मुद्दाम माझ्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिली, हात लांबवून तिनं एकटीनं बटण दाबलं. लाल ठिपका तिच्या ओढणीवर पडला होता. तिथंच तो हळूच सरकला.