पायरीपुढची जागा

“जळगावले दुकानना खालेच गाडी लावता येस. आठे अर्धा जीव गाडीमा, अर्धा जीव शालूमा.”

नवरदेवाचे मामा खिडकीशी उभं राहून मामींना हळूच म्हणाले. मी त्यांच्या पायाशीच गादीवर बसून शालूची घडी मोडत होते. शेठची मुलगी इंग्रजी शाळेतली, हिला अहिराणी काय कळणार, असं त्यांना वाटलं असावं. मला सगळं कळतं. माझ्या तोंडून ती निघत नाही, एवढंच. तसं माझ्या तोंडून मराठीही फारशी निघत नाही.

आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधलं, तालुक्याचं. मेन रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे. खाली शर्टपीस, टॉवेल, रोजच्या साड्या, आणि वर बस्त्याची खोली. लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्ही घरची पंधरा-वीस माणसं गाडी करून येतात. चहा होतो, पहिल्या साडीला हळद-कुंकू लागतं, आणि मग नवरीच्या शालूपासून लांबच्या आत्याच्या लुगड्यापर्यंत एकेक कापड बघितलं जातं. कोणीतरी रुसतं. कोणाला तरी दुसरीची साडी भारी वाटते. सगळं ठरलं की एखादी काकू म्हणते, तो पहिला गठ्ठा परत काढा बरं. यात चार तास सहज जातात. खालचं दुकान वर्षभर उघडं राहतं ते या वरच्या खोलीच्या जिवावर.

त्या दिवशी कुंकू लागलं होतं, नवरीने पोपटी शालू मांडीवर घेतला होता, आणि खालून ओरडा आला.

“उनी रे, उनी!”

उनी म्हणजे आली. पालिकेची गाड्या उचलणारी गाडी. मेन रोडला दोन्ही बाजूंनी पिवळे पट्टे मारून तेव्हा तीन-चार महिने झाले होते. पट्ट्याच्या आत तासभर गाडी लावायची. तासाच्या वर झालं तर दुचाकी उचलून नेणार आणि चारचाकीला जॅमर लावणार. जास्त वेळ थांबायचं असेल तर जुन्या बैलबाजाराच्या मैदानावर जायचं. तिथून आमच्यापर्यंत चालत दहा मिनिटं, पण नऊवारीतल्या आजीला आणि कडेवर मूल असलेल्या बाईला एप्रिलच्या उन्हात ती दहा मिनिटं किती लांब होतात ते पट्टे मारणाऱ्याला माहीत नसावं.

कोपऱ्यावरचे चपलांचे दुकानदार, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, ती गाडी सगळ्यांच्या आधी बघतात आणि ओरडतात. मग आमच्या ओळीतले सगळे दुकानदार धावत बाहेर येतात आणि आपापल्या स्कूटर पायरीवर चढवतात. ती गाडी गेली की परत खाली घेतात. कित्येकांनी त्यासाठी पायरीला सिमेंटचा उतारही करून घेतला होता. दिवसातून दोनदा हा खेळ चाले आणि त्यात थोडी मजाही वाटे, कारण आपण पालिकेला फसवलं असं प्रत्येकाला वाटे. पप्पाही धावत. माझे पप्पा एरवी जिना उतरताना कठडा धरतात.

पण तासाच्या वर उभी राहिलेली मामांची क्रूझर पायरीवर कोण चढवणार?

मामा खाली जाऊन आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाले, “चाला. बठ्ठा उठा.”

“अहो, कुंकू लागेल शे,” मामी साडीवरच्या कुंकवाकडे बोट करून म्हणाल्या. “बस्ता अर्धा सोडतस का?”

“कुंकू लागेल साडी लई ल्या. बाकीनं जळगावले लेसूत.”

पप्पा म्हणाले, “मामा, बसा. दंडाचं मी बघतो.”

“दंडनं काही नई, नाना. चार लोकस्मा गाडीले बेडी लागनी.”

नवरीने शालू मांडीवरून उचलून गादीवर ठेवला, नीट, घडीवर घडी घालून. खोलीत चौदा कप राहिले आणि उलगडलेल्या साड्या राहिल्या. पप्पा एकेक साडी घडी करत म्हणाले, “हा सीझन असाच गेला तर शटर भाड्याने देऊ. मोबाईलवाला दोनदा विचारून गेलाय. तू पुण्याला नोकरी बघ.”

पुण्याला जायचं मीच घरात वर्षभर म्हणत होते. पण अशी, कोणीतरी मधेच उठून गेल्यासारखी, मला जायचं नव्हतं. मला राग आला. राग आला की मी बोलत नाही, लिहिते.

दुसऱ्या दिवसापासून मी वरच्या खिडकीत बसले. शाळेची एक उरलेली वही घेतली. आमच्या पायरीपासून कोपऱ्यापर्यंत पट्ट्याच्या आत कोणती गाडी किती वाजल्यापासून उभी आहे, दर तासाला लिहायचं ठरवलं. गिऱ्हाइकांना तास किती कमी पडतो हे मला दाखवायचं होतं. सगळ्या दुकानदारांच्या आणि कामाला येणाऱ्यांच्या गाड्या मला ओळखू येतात, लहानपणापासून त्याच खिडकीत अभ्यास केलाय.

तिसऱ्या दिवशी लिहायला काही उरलंच नाही. सकाळी दहाचं आणि संध्याकाळी सहाचं पान सारखंच होतं. भाऊंची बाईक, त्यांच्या मुलाची बाईक, भांडीवाल्यांची मोपेड, औषधवाल्यांची स्कूटी. गिऱ्हाईक यायचं, हळू व्हायचं, जागा शोधायचं, दुसऱ्या ओळीत गाडी लावून घाबऱ्या घाबऱ्या आत शिरायचं. आमचीच जागा आम्हीच धरून बसलो होतो, आणि वर पालिकेला शिव्या देत होतो.

आणखी एक गोष्ट मला चौथ्या दिवशी दिसली. तीन दिवस मी आमची स्कूटर लिहिलीच नव्हती. पायरीपुढची पहिली जागा माझ्या वहीत कोरी होती. ती राखाडी स्कूटर माझ्या जन्माआधीपासून तिथे आडवी, एका मोटारीची जागा अडवून उभी असते. खेड्यावरची माणसं लांबूनच बघतात आणि म्हणतात, स्कूटर शे म्हणजे नाना शे. पाटी कोणी वाचत नाही. मला ती गाडी कधी गाडी वाटलीच नव्हती, दुकानाचाच एक भाग वाटत होती. मी पहिल्या पानावर गेले आणि चारही दिवसांची ती जागा भरली.

आठ दिवस झाल्यावर दुपारच्या रिकाम्या वेळी वही पप्पांपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. सगळी.

“खरंय,” ते म्हणाले. मग चष्मा काढून ठेवला. “पण हे बाहेर काढू नकोस. तुला डेंग्यू झाला तेव्हा भाऊंनी दुकान सोडून तुला धुळ्याला नेलं होतं. ह्याच माणसांत राहायचंय.”

मी वही पिशवीत ठेवली. त्याच आठवड्यात पालिकेने पट्ट्यांबद्दल हरकती ऐकायला व्यापाऱ्यांना बोलावलं. अर्ज मीच टाइप केला, कारण कॉम्प्युटर मला येतो. पट्टे पुसा, नाहीतर बाजार बंद. पप्पांची सही सगळ्यांत वर, कारण ते ओळीत सगळ्यांत जुने. टाइप करताना मला त्यातला एकही शब्द पटत नव्हता, आणि मी एकही शब्द बदलला नाही.

पालिकेच्या सभागृहात पप्पांनी मला शेजारी बसवलं. काय ठरतं ते लिहून घ्यायचं, एवढंच माझं काम. मुख्याधिकारी मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला आणि विचारलं, “तासाची अट काढली, तर त्या जागेवर दिवसभर कोणाच्या गाड्या उभ्या राहतील?”

“गिऱ्हाइकांच्या!” सगळे एका सुरात म्हणाले. भाऊंचा आवाज सगळ्यांत मोठा.

“गिऱ्हाईक शे कोठे?” मागून कोणीतरी म्हणालं. “ते तं जळगावले गयं.” सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

“मग मला अट काढायचं कारण दिसत नाही,” त्या म्हणाल्या आणि फाईलची दोरी बांधायला घेतली. “आणखी कोणाला बोलायचंय?”

मला तो पोपटी शालू दिसला, घडीवर घडी घालून ठेवलेला. ती दोरी बांधली गेली की आमचं शटर मोबाईलवाल्याचं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी उभी राहिले. खुर्ची फरशीवर केवढ्यांदा तरी वाजली.

भाऊ वळून हसले. “बोल बेटा. इंग्रजीमा बोल, मॅडमले बरं वाटी.”

पुन्हा हशा. मी पप्पांकडे बघितलं. ते समोर बघत होते. बसायला सांगतील असं वाटलं. मग त्यांनी पाय आत ओढून घेतले, मला ओळीतून बाहेर यायला वाट करून दिली.

पिशवीतली वही हातात होती, पण मी ती उघडली नाही.

“मॅडम, त्या जागेवर आमच्याच गाड्या असतात. पायरीपुढची पहिली गाडी आमची आहे, राखाडी स्कूटर, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. बाकीचं या वहीत आहे, पण ते ज्याचं त्याने सांगावं, मी आमचं सांगते. उद्यापासून ती स्कूटर बैलबाजाराच्या मैदानावर लागेल. पण बस्त्याला चार तास लागतात. एकदा कुंकू लागलं की माणसांना मधेच उठवता येत नाही. आमची ती रिकामी झालेली जागा बस्त्याच्या गाडीला चार तास द्या. आणि दोरी बांधायच्या आधी हे फाईलमध्ये लिहा, मी उभी आहे तोवर.”