निगेटिव्हमधला दुसरा सारस

माझ्या एका फोटोबद्दल लोक अजून विचारतात. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, एकटा उभा असलेला सारस, मान खाली घातलेली, पाण्यात त्याचं प्रतिबिंब. एका दिवाळी अंकात तो छापून आला तेव्हा खाली मी चार ओळी लिहिल्या होत्या. पत्नी गेल्यावर मला जे बोलता आलं नाही ते या पक्ष्यानं बोलून दाखवलं, अशा काहीतरी. त्या वाचून भंडाऱ्यातली ओळखीची माणसं घरी आली. एकानं डोळे पुसले. मी त्यांना चहा दिला, खरं सांगितलं नाही.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या कार्यालयातली अर्धी टेबलं तिकडे गेली. ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं डबा खाल्ला ती माणसं दिवाळीच्या पत्रापुरती उरली, मग तेवढीही नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत पत्नी गेली. मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नसे, म्हणून कॅमेरा घेऊन मी लाखांदूरच्या एसटीत बसायचो. वाटेत कुठेही उतरायचो. बोडीतलं स्थिर पाणी, कापणीनंतरचं रान, नदीची रेती, असले फोटो काढायचो.

ती असताना म्हणायची, "झाडाझुडपाचेच फोटो काढता जी. एखादा माहा काढा न."

"काढू," मी म्हणायचो. काढला नाही. तिचा म्हणून माझ्याजवळ कुणाच्या तरी लग्नातला एक फोटो आहे. त्यात ती पंगतीत वाढते आहे, चेहरा अर्धाच दिसतो. त्यामुळे पुढे जे जे सुनं दिसे त्यात मी तिला शोधू लागलो. एवढं मात्र खरं होतं.

लाखांदूरजवळच्या एका गावात दोन भावांची शेतं लागून होती, मधे एक धुरा, मातीचा बांध. थोरल्याच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं. पाण्यातच गवताचा आणि काड्यांचा ढीग, त्यावर दोन अंडी. त्या गावची रीत अशी, की सारस बसला तर त्याच्या भोवतालचं निंदण करत नाहीत. तेवढा तुकडा तणासकट सोडून देतात. निंदणाऱ्या बायाही तिथून जाताना आवाज खाली आणतात. थोरल्यानं मला धुऱ्यावर बसू दिलं. "इथूनच काढा जी," तो म्हणाला, "खाली नोका उतरू."

तीन रविवार मी धुऱ्यावर बसलो. धान वाढलं होतं, पक्ष्याच्या मानेपलीकडे काही दिसत नव्हतं. चौथ्या रविवारी मी पिशवीत विळा घेऊन गेलो. थोरला बाजाराला गेला होता. मी बांधीत उतरलो आणि धुऱ्यापासून जवळजवळ घरट्यापर्यंत हातभर रुंद पट्टा कापत गेलो. जोडी ओरडत दूर सरकली. मी धुऱ्यावर येऊन त्यांची वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळानं, रोल संपत आला आहे हे पाहून, पाठ वळवून छत्रीखाली नवा भरू लागलो.

तेवढ्यात कावळे उतरले. दोन होते. मी ओरडत धावलो तोवर एक अंडं फुटलं होतं आणि दुसरं पाण्यात गेलं होतं.

मग सारस परत आले. दोघंही. त्यातल्या एकानं मान खाली घातली, आणि मी फोटो काढला. त्या फोटोत पक्ष्यापर्यंत जाणारा पाण्याचा उजळ पट्टा दिसतो. त्यामुळे नजर थेट पक्ष्यावर जाते, असं एका जाणकारानं कौतुकानं म्हटलं होतं. तो पट्टा मी विळ्यानं कापलेला आहे.

कापलेलं धान मी चिखलात दाबलं. थोरला आला तेव्हा बांधी कोणी तुडवल्यासारखी दिसत होती. त्यानं रिकामं घरटं पाहिलं.

"लहान्याचं कुत्रं आलतं का जी?"

"आलं असेल," मी म्हणालो.

भंडाऱ्यात स्टुडिओवाल्याला सांगितलं, डावीकडचा सारस काढून टाक.

"जोडी हाय न साहेब. काहून तोडता?"

"एकटाच पाहिजे."

त्यातली एक प्रत मी त्या गावच्या शाळेला भेट दिली. खाली त्याच चार ओळी. परत कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर त्या गावचा माणूस होता. मी दोघा भावांची चौकशी केली. "ते कुठी बोलतात जी," तो हसून म्हणाला. "सारसाच्या अंड्यावरून बिनसलं म्हणे. आता सांगा, असं असते का कुठी?" घरी सोडल्यावर आठवडाभरानं मी एसटीत बसलो.

थोरला ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हनुवटीनं शेजारचं घर दाखवलं. "मले काय सांगता? त्याले सांगा."

धाकटा अंगणात दोर वळत होता. त्यालाही सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"कुत्रं चांगलं होतं जी," तो म्हणाला. "दादा म्हणे, हाकलून दे नाही तं मले तोंड नोको दाखवू. नदीपल्याड सोडून आलो. दोनदा वापस आलं. तिसऱ्यांदा लई दूर नेलो."

"मग बोलणं काहून बंद झालं?"

"मीच बंद केलो. कुत्रं सोडून आलो तवापासून."

मी माफी मागितली. तो दोराकडे पाहत म्हणाला, "तुमचा फोटो शाळेत हाय. खाली तुमी लिहिलं ते मास्तर पोराईले वाचून दाखवते. कुत्र्याचं बी लिहा मंग तिथं."

जुनी निगेटिव्ह शोधून मी पूर्ण फोटो काढून घेतला. त्यात डावीकडचा सारस दुसऱ्याच्या इतका जवळ उभा आहे की पंख लागतात. खाली लिहिलं: हे दोघं होते. घरट्यापर्यंतचं धान मी कापलं, अंडी कावळ्यांनी फोडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कुत्रा आला नव्हता. पत्नीबद्दलची ओळ काढून टाकली. तिचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. पहिल्या ओळी जिथे छापल्या त्या अंकासाठी म्हणून हे इथे सविस्तर लिहितो आहे.

मास्तरांनी जुना उतरवून हा फोटो शाळेत लावला. पंधरा दिवसांनी मी त्यांना फोन केला. थोरला काठी टेकत आला होता, चष्मा नव्हता म्हणून त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि गेला, असं ते म्हणाले. धाकट्याचं विचारलं. तो अजून आला नव्हता.